तेव्हा एक वाटलं, आता भलतंच वाटतंय: सिनेमे आणि मालिका

उशिराचा_शो

शनिवारी रात्री लेकाला 'किल्ला' दाखवला. मी तो २०१५ साली थिएटरात बघितला होता आणि बाहेर पडताना माझं मत ठरलेलं होतं: पाऊस देखणा, पोरं अफलातून, पण ती आई काही पटली नाही. नवरा गेलाय, बदलीच्या गावी आलीय, सगळं मान्य. पण अकरा वर्षांचं पोर समोर घुम्यासारखं बसलंय आणि ही बाई आपली फायलींत डोकं घालून! अमृता सुभाषचं काम 'जरा कोरडं' झालंय, असंही मी कुणाला तरी तावातावाने सांगितलं होतं.

शनिवारी मी त्या पोराकडे बघतच नव्हते. कचेरीत आपलं म्हणावं असं कुणी नाही, निर्णय चुकला तर निस्तरायला दुसरं कुणी नाही, आणि घराचं दार उघडलं की पोराचा फुगलेला चेहरा. कोरडी कुठली, दमलीय ती. २०१५ मध्ये मला हे दिसलं नाही, कारण तेव्हा लेक दोन वर्षांचा होता, त्याला सांभाळायला आईबाबा होते, आणि दमणं म्हणजे काय ते मला अजून कळायचं होतं.

लेकाला काय आवडलं? बंड्या. फक्त बंड्या. बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला क्रिस्टल बेअर मिळालं ते मुलांच्या ज्युरीकडून, तेव्हा त्या पोरांनाही बहुतेक बंड्याच आवडला असणार. मित्र चिन्मयला किल्ल्यात एकटा टाकून जातात त्या सीनला लेक माझ्याजवळ सरकला. आपण सरकलोय हे लक्षात आल्यावर पुन्हा लांब जाऊन बसला.

तर हा धागा अशाच सिनेमा-मालिकांसाठी. नियम एकच: तेव्हाचं मत आणि आताचं मत, दोन्ही लिहायचं. 'मला आधीपासूनच माहीत होतं' वाल्यांनी वेगळा धागा काढावा. शेवट सांगितले जातील, ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी आपल्या जबाबदारीवर वाचा.

माझ्याकडून आणखी एक, 'कोर्ट'. पहिल्यांदा बघताना मी तो खटला म्हणून बघितला. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. असल्या खटल्यात बचावाचा वकील आपला आणि सरकारी वकील बाई परकी, एवढं सरळ गणित. गीतांजली कुलकर्णी कलमं वाचायला लागली की माझ्या दातांवर दात. पुढे टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पुन्हा बघितला तेव्हा तिच्या घरातला भाग हाती लागला. कोर्टातून सुटून लोकल, मुलाला घेऊन घर, आल्या आल्या स्वयंपाक. बचावाचा वकील तेवढ्या वेळात सुपरमार्केटात चीज आणि वाइन घेत असतो. न्यायाची बाजू त्याची, पण माझा दिवस तिच्यासारखा जातो! हे पचायला वेळ लागला. मग ती कुटुंबासह नाटकाला जाते, नाटकात परप्रांतीयाची टर उडवतात, सगळे टाळ्या पिटतात. आमच्या थिएटरात त्या नाटकातल्या विनोदांना खरोखरचे प्रेक्षक हसले होते. मीही हसले होते.

आणि तो शेवट. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, पडद्यावर काळोख. मी पर्स उचललेली. आणि मग न्यायाधीश महाशय सहलीला निघतात! 'हे कशाला जोडलं?' हे माझं तेव्हाचं मत. आता वाटतं सिनेमा तिथेच सुरू होतो. बाकावर डुलकी घेणारा माणूस, पोरांनी ओरडून उठवलं म्हणून हाताला लागलेल्या पोराला मारतो आणि परत झोपतो. नारायण कांबळेंचं काय झालं ते यापेक्षा वेगळं कसं सांगणार?

लिहा आता. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

मागची_रांग

मस्त धागा. माझा 'सैराट'.

तेव्हाचं मत: पूर्वार्ध जबरी, उत्तरार्ध लांबलाय. 'झिंगाट'ला थिएटरात नाचलेल्यांपैकी मी एक आहे, लाज वाटत नाही. मध्यंतरानंतर हैदराबादची झोपडपट्टी सुरू झाली तसा चुळबुळायला लागलो. ट्रॅक्टर चालवणारी, बुलेट उडवणारी आर्ची कुठे गेली, हे काय संशय, भांडणं, पैसे मोजणं? शेवटाने हादरलो, पण तो 'धक्का' म्हणून.

आताचं मत नेमकं उलटं. उत्तरार्ध हाच सिनेमा आहे. पहिले दोन तास मंजुळेंनी आपल्याला आपल्याच आवडीचं खायला घातलंय. स्लो मोशन, विहिरीत उडी, अजय-अतुलचा तो भलामोठा वाद्यवृंद. आपण सैलावतो. मग आर्ची दारात रांगोळी काढत असते आणि समोर माहेरची माणसं उभी, हातात भेटवस्तू. ती चहा टाकते. इथे पार्श्वसंगीत नाही, आणि ज्या सिनेमाने आपल्याला दोन तास संगीताची सवय लावली त्यात ते नसणं अंगावर येतं. पूर्वार्ध आखडता घेतला असता तर ही शांतता एवढी लागली नसती.

टीव्हीवर लागतो तेव्हा मी चहापर्यंत बघतो आणि उठतो. ते पावलांचे ठसे एकदाच बघितलेत, पुरे.

चहाबाज

आखडता घेतला असता तर प्रेक्षकांची कंबरही वाचली असती, रांगकाका. :) हलके घ्या. पण 'प्रेक्षकाला सापळ्यात पकडलं' हे आपण नंतर लावलेलं शहाणपण आहे असं मला वाटतं. पूर्वार्धातलं स्लो मोशन मला आजही तेवढंच फिल्मी वाटतं, आणि 'फँड्री' आजही उजवा वाटतो. त्यात राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारं अख्खं घर जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर मात्र चालतं होतं. एवढ्या एका सीनमध्ये जे आहे ते तीन तासांत नाही.

पण माझं मत बदललेलं नाही, म्हणजे हा प्रतिसाद नियमबाह्य. उडवलात तरी चालेल.

उशिराचा_शो

@चहाबाज, नियमबाह्य आहे, पण राष्ट्रगीताच्या उल्लेखामुळे माफ.

जुनी_बाल्कनी

मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी. पण या विषयावर राहवलं नाही.

'उंबरठा' आला तेव्हा, १९८२ साली, माझं नुकतं लग्न झालं होतं. सासूबाईंबरोबर गेले होते बघायला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: सुलभा महाजन, म्हणजे स्मिता पाटील, सुस्थितीतल्या घरातली सून. शिकलेली. ती संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी धरते, त्यासाठी नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून जाते. तिथल्या व्यवस्थेशी तिचं पटत नाही, परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. नवरा गिरीश कर्नाड. तो ते इतक्या सभ्य शांतपणे सांगतो की त्याच्यावर ओरडताही येऊ नये. सुलभा पुन्हा घर सोडते.

मी तेव्हा सुलभावर भयंकर चिडले होते. मुलीला टाकून कशी जाऊ शकते? आणि परत आल्यावर जे घडलं त्यात नवल ते काय? हे सगळं मी मनात बोलत होते, कारण सासूबाई शेजारी आणि मी नवी नवरी. मला वाटलं, त्यांनाही हेच वाटत असणार. घरी चालत येताना त्या बराच वेळ गप्प होत्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "पहिल्यांदा गेली तेव्हा यायलाच नको होतं तिनं परत."

मी दचकले. बारा माणसांचं घर सांभाळणारी बाई. देवपूजा चुकली नाही कधी. पुढे आम्ही तीस वर्षं एका घरात काढली, पण त्या वाक्याबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्याही पुन्हा बोलल्या नाहीत. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. मागच्या वर्षी 'उंबरठा' पुन्हा बघितला. सुलभाचा राग आला नाही. आश्रमातल्या बायकांची भांडणं, व्यवस्थापन समितीच्या त्या गोड बोलणाऱ्या बायका, हे सगळं मला तेव्हा दिसलंच नव्हतं. मी फक्त 'मुलगी, मुलगी' करत होते. शेवटी ती गाडीत बसलेली असते, त्या चेहऱ्यावर मला सासूबाई दिसल्या, असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्यांची आठवण आली हे खरं.

मागची_रांग

बाल्कनीताई, काय लिहिलंत. यापुढे चार ओळी लिहायला हात धजत नाही.

रिमोट_कुठाय

अगदी अगदी. वाचून मिनिटभर गप्प बसले.

मी मालिकांवर लिहिते, कारण सिनेमावाले सगळे इथे विद्वान दिसतायत.

'आभाळमाया' १९९९ मध्ये, अल्फा मराठी नवीन होतं तेव्हा. सुकन्या कुलकर्णीची सुधा शिकलेली, कमावती, दोन मुलींची आई, आणि नवऱ्याचं बाहेर प्रकरण. शाळकरी वयात ती मला रडूबाई वाटायची. शीर्षकगीत संपलं की मी उठून अभ्यासाला जायचे (असं आईला वाटायचं). मग २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली. तेव्हा मी म्हणायचे, वा, ही राधिका बघा, रडत बसली नाही, मसाल्यांची कंपनी काढली, नवऱ्याला धडा शिकवला. पुढे गेलो आपण!

लॉकडाऊनमध्ये जुने भाग शोधून बघितले आणि पार तोंडावर आपटले. राधिकाच्या सतरा वर्षं आधीच्या सुधाला नवऱ्याचं काय करायचं याचं खरोखर कोडं पडलंय. तिला तो आवडतोही, किळसही येते, मुलींना काय सांगू हेही आहे. मनोज जोशीचा शरद खलनायक नाही, कमकुवत माणूस आहे, आणि विनय आपटेंनी त्याला तसाच राहू दिलाय. राधिकाला कोडं नाहीच. गुरुनाथ मूर्ख, शनाया मूर्ख, प्रेक्षक शहाणे. मजा येते, नाही म्हणत नाही, मी शेकड्यांनी भाग बघितलेत. पण पुढे गेलो हे काही खरं नव्हे.

जाता जाता, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' कोणी पुन्हा बघितलं का? लहानपणी मी शिऱ्याच्या बाजूने असायचे. आता श्यामलाचं प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून निघतं. शुभांगी गोखलेंनी ती चिडचिड किती प्रेमाने केलीय.

चहाबाज

टिपरे +१. आबांचं वय गाठेपर्यंत आबांच्या बाजूनेही लिहीन.

नऊ_वर्षं_तबला

मी फार सिनेमे बघत नाही. 'द डिसायपल' मात्र बघायला घेतला, कारण टोपणनावावरून कळेल. पाऊण तासात बंद केला. तेव्हाचं मत, मित्राला पाठवलेलं: 'संथ, थंड, शास्त्रीय संगीताला नावं ठेवणारा.'

खरं कारण सांगतो. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकल चालवतो, हळू, आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची व्याख्यानं: कला म्हणजे साधना, प्रेक्षकांसाठी गाऊ नका, पैशाकडे बघू नका. मी असाच क्लासवरून परत यायचो, माझ्या कानात माझ्या गुरुजींची वाक्यं. नऊ वर्षांनी सोडलं. घरच्यांना वेळ मिळत नाही असं सांगितलं. वेळ भरपूर होता. हात चालत नव्हता, एवढंच. कायदा (तबल्यातली बोलांची बांधीव रचना) वाजवताना एका लयीच्या पुढे बोटं चिकटायची, आणि माझ्यानंतर आलेली पोरं हसत हसत पुढे जायची.

वर्षभराने पूर्ण बघितला. शरदला आपली कुवत कळते तो एक क्षण सिनेमात नाहीच. ती हळूहळू कळते, दाढी वाढल्यासारखी. आणि तो ज्या माईंच्या शब्दांवर आयुष्य लावतो त्यांच्याबद्दल कुणी तरी वेडंवाकडं बोलतं तेव्हा तो पेल्यातलं पाणी त्या माणसाच्या तोंडावर फेकतो. पहिल्यांदा कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, शाब्बास. आता मला तो फेकणारा घाबरलेला दिसला. समोरचा खरं बोलत असेल तर?

शेवटी लोकलच्या डब्यात एक माणूस गात येतो. शरद बायको-मुलीसोबत बसलेला. तो गाणारा कसा गातो याबद्दल मी काही लिहीत नाही, ज्याने त्याने ऐकावं.

माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा आहे हे मला नंतर कळलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. दुसऱ्यांदा बघताना ते डोक्यात होतं, त्यामुळे माझं मत किती बदललं आणि किती बदलवलं गेलं, सांगता येत नाही.

उशिराचा_शो

तबलेवाले, धन्यवाद. 'दाढी वाढल्यासारखी' घरी वाचून दाखवलं.

आतापर्यंत सगळ्यांची मतं वर सरकलीत. एखादं आवडतं उतरलेलंही येऊ द्या.

गुळाचा_खडा

उतरलेलं माझ्याकडे आहे आणि मला शिव्या बसणार आहेत. 'नटसम्राट'.

२०१६ च्या जानेवारीत थिएटरात हमसून रडले. आप्पा बिचारे, मुलं कृतघ्न, सून दुष्ट. रुमाल पुरला नाही. मागच्या दिवाळीत घरी सगळ्यांनी पुन्हा लावला. आता माझ्याही घरी सासरे राहतात. फार चांगले आहेत, पण मोठ्याने बोलतात, मध्यरात्री उठून टीव्ही लावतात, पाहुण्यांसमोर काहीही बोलतात. सिनेमात आप्पा नातीला जे शिकवतात त्यावरून सून भडकते, तिथे मी एकदम म्हणाले, "बरोबर आहे तिचं!" सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. सासरेसुद्धा.

नाटक शिरवाडकरांचं, १९७० चं. वाचलं तर त्यात गणपतराव बेलवलकर एवढे निष्पाप नाहीतच. स्वतःच्या हाताने सगळं वाटून टाकणारा, टाळ्यांची चटक लागलेला माणूस आहे. सिनेमाने त्यांची बाजू जरा जास्तच घेतलीय. पार्श्वसंगीत तर आपण कुठे रडायचं ते बोट धरून दाखवतं. एक भाग मात्र तस्साच टिकला: इस्पितळातला विक्रम गोखलेंचा रामभाऊ. दोन म्हातारे नट, एक कर्ण, एक कृष्ण. तिथे परत रडले. सासरेही रडले. रिमोट त्यांच्याच हातात होता.

चहाबाज

शिव्या नाहीत, अनुमोदन.

रिमोट_कुठाय

गुळाचा खडा, हसून मेले!

माझं उतरलेलं: पाकिस्तानी मालिका 'ज़िंदगी गुलज़ार है'. २०१४ मध्ये ज़िंदगी वाहिनीवर लागली तेव्हा आम्ही सगळ्या मैत्रिणी वेड्या झालो होतो. सव्वीस भागांत संपते! कुणी जिन्यावरून पडत नाही, कुणाची स्मृती जात नाही. कशफ तर आमची देवीच. नंतर बघितली आणि जाणवलं, कशफचा स्वाभिमान उजळावा म्हणून बाकीच्या बायकांना काळं फासलंय. ती झारूनची होणारी बायको अस्मारा, तिचा गुन्हा काय, तर कपडे आणि मित्र. झारूनची आई नोकरी करते म्हणून घर मोडलं, असा सूर. फवाद खान हसला की आम्हाला हे काही ऐकू येत नव्हतं. अजूनही हसला की थोडं कमीच ऐकू येतं.

पण सव्वीस भागांचा मुद्दा आजही मान्य.

स्पॉटदादा

मी मालिकांच्या सेटवर काम केलंय, कुठल्या ते विचारू नका. सव्वीस भागांवरून लिहितो.

सगळे म्हणतात, मालिका लांबवतात. लांबवत नाही हो, संपवायची परवानगी नसते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा चांगला तर ट्रॅक वाढवा, वाईट तर ट्रॅक बदला. दोन्हीकडून लेखकच मरतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वगळून बावीसेक मिनिटं, ती रोज भरायची. आधीच शूट करून ठेवलेल्या भागांची बँक नसेल तर सकाळी सीन लिहून येतो, दुपारी शूट, आणि कधी कधी त्याच आठवड्यात टेलिकास्ट. कलाकार आजारी पडला की पात्र 'गावाला' जातं. त्यामुळे लोक 'चार दिवस सासूचे' तीन हजारांवर भाग चाललं म्हणून हसतात, तेव्हा मला तिथल्या माणसांना दंडवत घालावासा वाटतो.

मत बदललेलं: सेटवर जायच्या आधी एका चेहऱ्यावर तीनदा झूम करणाऱ्या दिग्दर्शकाला मी गाढव म्हणायचो. आता म्हणत नाही. सहा पात्रं खोलीत उभी असली की सहा रिअॅक्शन घेतल्या, दोनदा फिरवल्या, झालं दीड मिनिट. दीड मिनिट म्हणजे अर्धं पान लेखन वाचलं.

मागची_रांग

म्हणजे कारण कळलं, पण बघवत नाही ते नाहीच.

स्पॉटदादा

बघायला कोण सांगतंय, रांगकाका!

उशिराचा_शो

स्पॉटदादा, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून लिहिते, कारण नेमकं हेच मला गेल्या काही महिन्यांत कळलंय.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे असते. रात्री साडेआठला तिची मालिका. नाव घेत नाही, कुठलीही समजा. सुरुवातीला मी आत बसून ते ढँण ढँण ऐकायचे आणि दात-ओठ खायचे. एकच बातमी चार जण चार वेळा सांगतात, नायिका तुळशीपाशी उभी राहून स्वतःचा बेत स्वतःलाच मोठ्याने सांगते. प्रेक्षकाला इतकं बिनडोक का समजतात?

मग एक दिवस बाहेर येऊन बसले. टीव्हीकडे न बघता आईकडे बघत होते. आई मालिका बघतच नाही! तिच्या मांडीत ताट असतं, ताटात मेथी. मान खाली, पानं खुडणं चालू. ढँण झालं की मान वर, चेहरा बघायचा, परत मेथी. संवाद चुकला तर काही बिघडत नाही, कारण पुढच्या सीनमध्ये तोच पुन्हा येणार असतो. तुळशीपाशी बोलून दाखवतात ते मेथी निवडणाऱ्या बाईसाठी. ही टीव्हीवरची श्रुतिका आहे, अधूनमधून चित्र असलेली. 'कोर्ट' मेथी निवडत बघता येणार नाही, एक जुडी वाया जाईल.

मालिका मला आवडायला लागली का? नाही. परवाचा भाग तर भीषण होता. मी विचारलं, "आई, ही बाई मेली होती ना?" आई मान वर न करता म्हणाली, "होती. आता नाही."

गुळाचा_खडा

'होती. आता नाही.' दंडवत तुमच्या आईंना.

पहिलीच_रांग

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझं छोटंसं. 'द ग्रेट इंडियन किचन', २०२१. मी पुरुष, तेव्हा अविवाहित. मत: विषय महत्त्वाचा, पण भांडी, चिरणं, पुसणं हे किती वेळा दाखवणार, मुद्दा कळला की. आता लग्नाला तीन वर्षं झाली. सिंकखालचा पाइप गळतो, ती नवऱ्याला प्लंबर बोलवायला सांगत राहते, तो 'हो' म्हणत राहतो, आणि खाली ठेवलेलं भांडं घाण पाण्याने भरत राहतं. आमच्या बाथरूमचा नळ जानेवारीपासून टपकतोय. बायकोने परवा सिनेमाचं नुसतं नाव घेतलं. बाकी काही म्हणाली नाही.

चहाबाज

मग? प्लंबर आला का?

पहिलीच_रांग

उद्या येतोय.

नऊ_वर्षं_तबला

हसू नका कोणी, आमचाही टपकतोय.

मागची_रांग

कुणाचंच मत बदललं नाही असा एकही सिनेमा नाही का? मी नाव सुचवतो. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. सत्तर रुपयांचा प्रसंग आजही तोंडपाठ, आजही हसतो. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय हे कळल्यावर तो शोधून बघितला. मत अजिबात बदललं नाही.

जुनी_बाल्कनी

माझं थोडं बदललं. तेव्हा अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डेंवरच डोळे होते. आता सुधीर जोशींकडे बघते. विश्वासराव सरपोतदार घरमालक ज्या गांभीर्याने उभा केलाय, त्याच्या जोरावर बाकीचे चौघे उड्या मारतात. भिंत पक्की असेल तरच चेंडू उसळतो.

आता तुम्हा मुलांना एक सुचवू का? 'सिंहासन' बघा, १९७९. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून, जब्बार पटेलांचा. मी तेव्हा मंत्री कोण, मुख्यमंत्री कोण यातच अडकले होते. आता फक्त दिगू टिपणीस पत्रकाराकडे बघते. निळू फुले. ज्या माणसाला पडद्यावर बघून बायका दात-ओठ खायच्या, तो इथे अख्खा सिनेमा गप्प बसून ऐकतोय, टिपून घेतोय. शेवटी त्याला जे हसू फुटतं ते ऐकवत नाही.

उशिराचा_शो

बाल्कनीताईंच्या सांगण्यावरून आज 'सिंहासन' लावायचं ठरवलं. आईला विचारलं, बसतेस का, निळू फुल्यांचा आहे.

आई म्हणाली, "नको गं बाई, रात्रीच्या वेळी तो."

म्हटलं, अगं यात तो पत्रकार आहे, कुणाच्या वाटेला जात नाही. मग जरा विचार केला तिने. "बरं, लाव. पण साडेआठला बंद कर."